मान्नाचे माप



व्यंग असलेले मूल एखाद्या घरी जन्मास आले, किंवा जन्मताच देवाघरी गेले, म्हणजे भेटीस आलेली मंडळी ओटीवर बसून हळू आवाजात एक प्रश्न विचारतात : हे कोणाच्या घराण्यातून आले? बाळंतिणीच्या खोलीचे दार लोटलेले असले, तरी तो प्रश्न तिच्या कानी गेल्यावाचून राहत नाही. उत्तर बहुधा ठरलेलेच असते. सासरच्या सात पिढ्यांत असे कोणी झालेले नसते. तेव्हा दोष माहेरचा, आणि पर्यायाने तिचा. हे बोलणे आम्ही इतक्या घरांतून ऐकले आहे, की त्याविषयी दोन शब्द लिहिणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

प्रश्न जुनाच आहे. योहानकृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध मनुष्याची हकिगत आहे. त्यास पाहून शिष्यांनी प्रभूस विचारले, की हे पाप कोणाचे, ह्याचे की ह्याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले. आणि मग भूमीवर थुंकून चिखल केला व तो त्या मनुष्याच्या डोळ्यांस लावला. शिष्य कारणाच्या शोधात गुंतले असता प्रभू उपचारास लागला होता, ही गोष्ट आम्हांस ह्या अध्यायात विशेष लक्षणीय वाटते. आज आम्ही ज्या विषयावर लिहीत आहो, त्यात वैद्यकशास्त्रही आपल्या परीने हाच धडा देते. तो विषय म्हणजे ब जीवनसत्त्वे, आणि ती कोणास किती लागावीत हे ठरविणारा आपल्या शरीरातील वारसा.

ब जीवनसत्त्व हे एकच द्रव्य नसून ती आठ भावंडे आहेत. ती अन्नातून अत्यल्प प्रमाणात मिळतात, पाण्यात विरघळतात, आणि ब-१२ सोडले तर शरीर त्यांचा फार मोठा साठा करून ठेवीत नाही. अन्नाचे शक्तीत व रक्तमांसात रूपांतर करणारी जी विकरे, ज्यांस डॉक्टर एन्झाइम म्हणतात, ती ह्या जीवनसत्त्वांच्या साहाय्यावाचून चालत नाहीत. त्यांपैकी फोलेट ह्या जीवनसत्त्वाची कथा आपल्या प्रदेशाशी निगडित आहे. म्हणून तिच्यापासूनच आरंभ करू.

१९२८ साली ल्युसी विल्स नावाच्या एक इंग्रज विदुषी मुंबईस आल्या. गिरण्यांतून काम करणाऱ्या गरीब स्त्रियांना गरोदरपणी भयंकर पंडुरोग होई. रक्तातील तांबड्या पेशी संख्येने घटत आणि आकाराने मात्र अवाढव्य होत. कित्येक जणी त्यात दगावत. लोहाने त्यांस गुण येत नसे. डॉ. विल्स यांनी हाफकिन संस्थेत संशोधन आरंभिले. रोग जंतूंचा नसून आहारातील कशाच्या तरी उणिवेचा आहे, असे त्यांस दिसून आले. किण्वाचा अर्क, जो विलायतेत मार्माइट ह्या नावाने पावास लावून खातात, तो दिल्याबरोबर ह्या स्त्रियांचे रक्त भराभर सुधारू लागले. १९३१ साली त्यांनी ही गोष्ट प्रसिद्ध केली. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य कोणते हे तेव्हा ठाऊक नव्हते. म्हणून त्यास 'विल्स घटक' म्हणत. पुढे १९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून ते वेगळे करण्यात आले, आणि पान ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यास फॉलिक आम्ल हे नाव मिळाले. ते प्रयोगशाळेत तयार करण्याचे कार्य १९४५ च्या सुमारास ज्या चमूने सिद्धीस नेले, त्याचे नेतृत्व भीमावरमचे सुपुत्र डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांजकडे होते. मुंबईच्या कामकरी स्त्रियांच्या दुःखातून निघालेला शोध एका आंध्र पुत्राच्या हातून पूर्णत्वास गेला. आज जगातील अक्षरशः कोट्यवधी माता ती लहानशी गोळी घेतात.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. एकाच घरात, एकाच चुलीवरचे अन्न खाऊन एकास उणीव भासते व दुसऱ्यास भासत नाही, हे कसे? आहारतज्ज्ञ रोजच्या गरजेचे जे आकडे ठरवून देतात, ते सगळ्यांची गरज सारखी आहे असे मानून दिलेले नसतात. लोकांची गरज कमीअधिक असते हे ध्यानी घेऊन, शंभरांतील सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव निरोगी माणसांस पुरेल असे माप ते मुद्दाम सढळ हाताने घालतात. पुष्कळांस त्याहून कमी पुरते. थोड्यांस तेही पुरत नाही. हे अंतर पडण्यास वय, गरोदरपण, आजार, मद्यपान, काही औषधे अशी अनेक कारणे आहेत. आणि त्यांच्या जोडीस एक कारण जन्मापासून रक्तात असते. ते म्हणजे जनुक.

जनुकांच्या वारशाचा नियम जगास कोणी दिला, हे आपल्या मुलांस अवश्य सांगावे. ब्रनो येथील संत थॉमस मठातील ऑगस्टिनियन संघाचे धर्मगुरू ग्रेगोर मेंडेल यांनी १८५६ पासून १८६३ पर्यंत मठाच्या बागेत वाटाण्याची हजारो रोपे वाढविली, त्यांचे संकर केले, आणि दाणे मोजले. १८६५ साली त्यांनी आपला निबंध वाचला, १८६६ साली तो छापून निघाला. पण त्याचे महत्त्व कोणाच्या ध्यानी आले नाही. १८६८ साली ते मठाधिपती झाले, १८८४ साली निवर्तले. आणि १९०० साली तीन शास्त्रज्ञांस त्यांच्या निबंधाची थोरवी उमगली. श्रद्धा आणि विज्ञान यांचे वाकडे आहे असे म्हणणाऱ्यास ह्या मठातील बागेकडे बोट दाखवावे, एवढे पुरे.

मेंडेलचा नियम आपल्या विषयापुरता सोपा आहे. बहुतेक प्रत्येक जनुकाच्या आपणांजवळ दोन प्रती असतात : एक पित्याकडून आलेली, एक मातेकडून. एका प्रतीत बिघाड असून दुसरी धड असली, तर बहुधा काम भागते; त्या माणसास स्वतःला काही कळतही नाही. असे दोघे वाहक विवाहबद्ध झाले, तर प्रत्येक अपत्याच्या वेळी चारांत एक शक्यता अशी, की मुलास दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळतील. चारांत दोन, की ते आईबापांसारखेच नुसते वाहक होईल. आणि चारांत एक, की ते पूर्णतः मोकळे राहील. ओटीवरच्या त्या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. मुलास रोग झाला ह्याचा अर्थ एक प्रत एका घराण्यातून आली, दुसरी दुसऱ्या घराण्यातून आली. सुनेकडे बोट दाखविणाऱ्या सासूबाईंच्या पुत्रानेच अर्धा वाटा दिलेला असतो, आणि त्यास तो स्वतः सासूबाईंकडून अथवा मामंजींकडून मिळालेला असतो. सात पिढ्यांत कोणी झाले नाही हे म्हणणे खरे असेल. परंतु सात पिढ्या ती प्रत मुकाट्याने हातोहात चालत आली असेल, हेही तितकेच खरे असू शकते.

ब जीवनसत्त्वांतील बायोटिनचे उदाहरण घ्या. आपले शरीर वापरलेले बायोटिन पुन्हा मोकळे करून वापरते. त्यासाठी बायोटिनिडेज नावाचे विकर लागते. काही बालकांत ह्या विकराच्या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असतात. त्यांस काही आठवड्यांत अथवा महिन्यांत आकडी येऊ लागते, अंगावर चट्टे उठतात, केस गळतात. कानांनी ऐकू येईनासे होते, दृष्टी मंदावते. हा बिघाड नेमका कोठे आहे हे १९८३ साली उलगडले. उपाय आश्चर्य वाटावे इतका साधा आहे. धडधाकट प्रौढास दिवसाला सुमारे ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरते. ह्या बालकांस ५ ते १० मिलिग्रॅम, म्हणजे दीडशे ते तीनशेपटींहूनही अधिक, रोज तोंडाने द्यावे लागते, व तेही जन्मभर. जन्मल्यावर लगेच तपासणी होऊन औषध सुरू झाले, तर बालक इतरांसारखे वाढते. उशीर झाला, तर गेलेली श्रवणशक्ती बहुधा परत येत नाही. रोग विरळा आहे. पण त्याची शिकवण मोठी आहे. ह्या बालकाची गरज तीनशेपट आहे म्हणून त्यास कोणी हावरे म्हणेल काय? किंवा दुसऱ्यास ती नाही, म्हणून तो अधिक पुण्यवान ठरेल काय?

एवढा तीव्र फरक थोड्यांच्या वाट्यास येतो. सौम्य फरक मात्र पुष्कळांत असतो. फोलेटचे शरीरात एका उपयुक्त रूपात परिवर्तन करणारे जे विकर आहे, त्याच्या जनुकास एमटीएचएफआर ह्या अक्षरांनी ओळखतात. १९९५ साली कॅनडातील संशोधकांनी दाखवून दिले, की काही माणसांच्या ह्या जनुकात ६७७ व्या स्थानी एक अक्षर बदललेले असते, आणि त्यामुळे विकर थोडे कमकुवत निपजते. आपल्या जुन्या घरांतील जात्याची उपमा येथे लागू पडेल. फोलेट हे दाणे. विकर हे जाते. आणि ब-२ जीवनसत्त्व हा त्या जात्याचा खुंटा. अक्षर बदललेल्या जात्यात खुंट्याचे भोक किंचित सैल असते. दळण चालू असता खुंटा निसटतो, आणि दळणारी तेवढा वेळ खोळंबते. हाताशी खुंटे भरपूर असले, तर काम अडत नाही. पण घरात ब-२ चीच वाण असली, तर दळण मागे पडते. असे झाले म्हणजे रक्तात होमोसिस्टीन नावाचे द्रव्य साचू लागते.

ज्यांच्या दोन्ही प्रतींत हे अक्षर बदललेले असते, अशी माणसे युरोपातील अनेक लोकसमूहांत शंभरांत दहाच्या आसपास आहेत. मेक्सिकोतील लोकांत त्याहून पुष्कळ अधिक, आणि आपल्या भारतात त्याहून कमी. उत्तर आयर्लंडमधील अल्स्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा लोकांस रोज केवळ १.६ मिलिग्रॅम ब-२ देऊन पाहिले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांच्या रक्तातील होमोसिस्टीन सरासरी २२ टक्क्यांनी उतरले. ज्यांच्या शरीरात ब-२ मुळातच कमी होते, त्यांच्यात ४० टक्क्यांनी. २०१० साली तरुण वयात हृदयविकार जडलेल्या अशाच रुग्णांचा रक्तदाब, वरचा आकडा, सुमारे १३ ने कमी झालेला आढळला; ज्यांच्या जनुकात हा बदल नव्हता, त्यांच्यात तसा फरक पडला नाही. हे अभ्यास लहान आहेत, आणि त्यांवरून कोणी रक्तदाबाच्या गोळ्या बंद करू नयेत. परंतु एक गोष्ट त्यांतून स्पष्ट होते : वारसा बदलता येत नाही, ताट मात्र वाढता येते.

आता आम्ही ज्या दुःखाने लेखणी हाती घेतली, त्याविषयी. गर्भाशयात बाळाचा मेंदू व पाठीचा कणा ज्या नळीपासून घडतो, ती नळी गर्भ राहिल्यापासून सुमारे २८ दिवसांत मिटून पूर्ण होते. ती वरच्या बाजूस उघडी राहिली, तर कवटी व मेंदू घडत नाहीत, आणि बाळ वाचत नाही. खाली पाठीवर उघडी राहिली, तर बाळ वाचते, पण पायांतील शक्ती व इतर व्यवहार बाधित होतात. त्यास स्पायना बायफिडा म्हणतात. अठ्ठावीस दिवस म्हणजे किती? पुष्कळ स्त्रियांस आपणांस दिवस गेले आहेत हे तोवर नीटसे समजलेलेही नसते. डॉक्टरकडे पहिली खेप होते, तेव्हा नळी मिटलेली तरी असते, किंवा उघडी राहिलेली तरी असते.

ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने सात देशांतील ३३ केंद्रांत, ज्यांस पूर्वी असे मूल झाले होते अशा १८१७ स्त्रियांवर केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध झाला. गर्भ राहण्यापूर्वीपासून फॉलिक आम्ल घेतलेल्या स्त्रियांत हे व्यंग पुन्हा होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले. ज्यांस पूर्वी असे काही झालेले नव्हते, त्यांनाही फॉलिक आम्ल असलेल्या जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी संरक्षण मिळते, असे पुढल्याच वर्षी हंगेरीतील अभ्यासाने दाखविले. १९९८ पासून अमेरिकेत पिठात फॉलिक आम्ल मिसळणे सक्तीचे झाले, आणि तेथे अशी मुले जन्मण्याचे प्रमाण खाली आले. आईच्या जनुकात वर सांगितलेला बदल असला, तर धोका काहीसा वाढतो. पण तो एकटाच कारण नसतो. कित्येक कारणे एकत्र येतात, आणि बदल असलेल्या मातेसही तीच साधी गोळी उपयोगी पडते. जिच्या पोटी असे मूल आले त्या मातेने काही पाप केलेले नसते. तिला वेळेवर कोणी सांगितलेले नसते, एवढेच पुष्कळदा खरे असते. आणि सांगण्याचे काम आपणा सर्वांचे होते.

अलीकडे ह्याच जनुकाचा एक व्यापारही सुरू झालेला दिसतो. एक दांपत्य आमच्याकडे हातात तपासणीचा कागद घेऊन आले. दोनदा गर्भ टिकला नव्हता. कोणा खाजगी प्रयोगशाळेने त्या पत्नीच्या जनुकात दोष आहे असे लिहून दिले होते, आणि 'साधे फॉलिक आम्ल तुमच्या अंगी लागणार नाही' असे सांगून महिन्याकाठी मोठी रक्कम पडेल अशा गोळ्या गळ्यात मारल्या होत्या. पतीच्या मातुःश्रींनी तो कागद आळीभर दाखविला होता. ह्या कागदाविषयी आमचे मत काय, असे त्यांनी विचारले. आमचे मत येथे गौण आहे. वैद्यकाचे मत मात्र स्पष्ट आहे. अमेरिकेतील वैद्यकीय आनुवंशिकीच्या तज्ज्ञांच्या संस्थेने २०१३ सालीच सांगून ठेवले आहे, की वारंवार गर्भपात होत असल्यास कारण शोधण्यासाठी ही तपासणी करू नये. तिच्यापासून उपयुक्त असे काही हाती लागत नाही. ज्यांच्या दोन्ही प्रती बदललेल्या आहेत, त्यांचे शरीरही साधे फॉलिक आम्ल वापरू शकते; तितकीच गोळी घेऊन त्यांच्या रक्तातील फोलेट इतरांहून सरासरी सोळा टक्क्यांच्या आसपास कमी भरते, इतकाच काय तो फरक. त्या भगिनीस आम्ही इतकेच सांगितले, की हा कागद घडी करून ठेवून द्यावा, आणि चांगल्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडून नीट तपासून घ्यावे. त्या मातुःश्रींशी आम्ही निराळे बोललो.

येथे एक सावधगिरीची सूचना. फॉलिक आम्ल चांगले म्हणून मनास येईल तितके घेणे बरे नाही, ह्याचे कारण त्याचे भावंड ब-१२. ब-१२ दूध, दही, अंडी, मासळी, मांस, काळीज ह्यांतूनच मिळते. भाजीपाल्यात ते नसते. ब-१२ ची उणीव असता केवळ फॉलिक आम्ल घेतले, तर रक्त सुधारल्यासारखे दिसते, पण मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालूच राहते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी पुण्याजवळील सहा गावांतील मातांचा १९९३ पासून अभ्यास केला. त्यांतील सुमारे दोन-तृतीयांश मातांत ब-१२ कमी होते. ज्या मातांत ब-१२ कमी आणि फोलेट मात्र अधिक होते, त्यांची मुले सहा वर्षांची झाली तेव्हा त्यांच्या शरीरात इन्सुलिन नीट काम करीत नसल्याची चिन्हे सर्वांत जास्त आढळली. हा निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला. ब-१२ च्या पातळीवरही जनुकांचा प्रभाव असतो, आणि त्यांतील काही फरक भारतीयांचे विशेष आहेत, हे हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील शास्त्रज्ञांनी पुण्याच्या साथीने २०१७ साली दाखवून दिले.

आपल्या घरी मासळी-मांस चालते, तेव्हा आपणांस भय नाही, असे कोणी समजू नये. कित्येक घरांत मासळीचा तुकडा आधी पुरुषांच्या ताटात पडतो, मग मुलांच्या. आणि सर्वांमागून जेवणाऱ्या गृहिणीच्या वाट्यास नुसती आमटी येते. उपवासकाळात चाळीस दिवस सामिष वर्ज्य करणारे भाविकही आहेत. त्यांनी दूध, दही वर्ज्य करू नये. आणि गरोदर व अंगावर पाजणाऱ्या मातांनी तर उपासच धरू नये. ख्रिस्तसभा त्यांच्याकडून तो मागत नाही. वृद्धांत पोटातील आम्ल कमी झाल्याने ब-१२ अंगी लागत नाही. हातापायांस मुंग्या येणे, तोल जाणे, विसर पडणे ह्यांस केवळ म्हातारपण म्हणून सोडून न देता डॉक्टरांस दाखवावे.

घराण्यांचा विषय निघाला आहे, तर सोयरिकीविषयीही लिहितो. आमच्या सीमाभागात मामाच्या मुलीशी, क्वचित प्रत्यक्ष भाचीशी, लग्न लावण्याची चाल अजून आहे. जमीन घरात राहते, मुलगी नजरेसमोर राहते, हे तिचे आकर्षण आम्ही जाणतो. ख्रिस्तसभेच्या धर्मनियमसंहितेचा १०९१ वा नियम सख्ख्या चुलत-मामे-आते-मावस भावंडांतील विवाहास मनाई करतो, आणि धर्माधिकाऱ्यांची विशेष सूट असल्यावाचून असा विवाह वैध होत नाही. ही सूट मागावयास येणारी मंडळी ती एक कचेरीतील औपचारिकता समजतात. मेंडेलच्या वाटाण्यांकडे पाहिले, म्हणजे नियमाचा एक हितकर परिणाम कळतो. एकाच आजोबांची मुकी प्रत दोन नातवंडांकडे आलेली असण्याचा संभव परक्यांहून कितीतरी अधिक. ती दोघे एकत्र आली, तर तिला जोडीदार मिळतो. बायोटिनिडेजच्या उणिवेसारखे रोग अशा विवाहांत अधिक दिसतात, ते ह्यामुळेच. तेव्हा असा विवाह ठरविण्यापूर्वी आधी डॉक्टरांशी व धर्मगुरूशी बोलावे. हॉल ठरवून, पत्रिका छापून मग येऊ नये.

आता काय करावे ते थोडक्यात सांगतो. पॅरिश कार्यालयात लग्नासाठी नावे नोंदवाल, त्याच आठवड्यात वधूने डॉक्टरांस विचारून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्लाची गोळी सुरू करावी. गर्भ राहण्याच्या निदान एक महिना आधीपासून पहिले तीन महिने पुरे होईपर्यंत ती चालू असावी. पूर्वी असे मूल झाले असल्यास मात्रा सुमारे दहापट लागते, आणि ती डॉक्टरांनीच ठरवावयाची असते. फिटची औषधे घेणाऱ्या अथवा मधुमेह असलेल्या स्त्रियांनीही आधीच सल्ला घ्यावा. गोळी महाग नाही; सरकारी आरोग्यकेंद्रात गरोदर स्त्रियांस लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या विनामूल्य मिळतात, त्या फेकून देऊ नयेत. पालक, मेथी, चवळी, हरभरा, मूग आहारात असावेत. पालेभाजी फार वेळ शिजवू नये, आणि तिचे पाणी ओतून टाकू नये. पंडुरोग असल्यास ब-१२ ही तपासून घ्यावे. नवजात बालकांची तपासणी जेथे होत असेल, तेथे ती टाळू नये. सासूबाईंस आमची विशेष विनंती अशी, की सुनेच्या ताटात अंडे अथवा मासळीचा तुकडा आपल्या हाताने वाढावा, व ती आपल्याबरोबर जेवावयास बसेल असे पाहावे.

आणि जेथे गोळी घेऊनही, काळजी घेऊनही असे बालक येते, तेथे काय? असेही घडते, कारण ७२ टक्के म्हणजे शंभर नव्हेत. अशा बालकाच्या पाठीवर जन्मल्यावर लवकर शस्त्रक्रिया करता येते. अशी कितीतरी मुले शिकतात, कामधंदा करतात. आणि जे दोनच घटका जगते, तेही बाप्तिस्मा घेऊन देवाचे लेकरू म्हणूनच जाते. त्या घरी जाताना शेजाऱ्यांनी प्रश्न घेऊन जाऊ नये, जेवणाचा डबा घेऊन जावा.

निर्गम ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायात अरण्यातील मान्नाची कथा आहे. माणशी एक ओमर हे माप ठरलेले होते. तरी प्रत्येकाने आपापल्या खाण्याप्रमाणे वेचले, असेही तेथे म्हटले आहे. मोजून पाहता जास्त वेचणाऱ्याचे शिल्लक उरले नाही, आणि कमी वेचणाऱ्यास उणे पडले नाही. एकाने दुसऱ्याच्या टोपलीत डोकावून ह्यास इतके कशास लागते, असे विचारल्याची नोंद त्या अध्यायात नाही. पहिल्या ख्रिस्ती मंडळीतही ज्यास जसे लागे तसे वाटून दिले जाई, हे प्रेषितांच्या कृत्यांत आपण वाचतो. गरज निरनिराळी असणे हा अपराध नव्हे, हे आपल्या धर्माने आधीपासूनच जाणले आहे. कोणास किती लागते ते आता शास्त्र हळूहळू मोजून देत आहे. ते माप जिच्या ताटात अजून भरले गेले नाही, तिच्या ताटाकडे ह्या आठवड्यात प्रत्येक घराने एकदा पाहावे.

परमेश्वर आपल्या कुटुंबांतील मातांचे व लेकरांचे रक्षण करो.